वाळूचा कण आणि स्वदेशीची कसोटी

दिवाळी जवळ आली की चिनी आकाशकंदील आणि विजेच्या माळा न घेण्याचे आवाहन दरवर्षी होते. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपल्या वीस जवानांनी प्राणार्पण केल्यानंतर तर या आवाहनाला संतापाची धार आली आणि असंख्य कुटुंबांनी ते मनापासून पाळले. या भावनेची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. परंतु समाजाच्या मनात स्वाभिमान जागा असल्याचे ते लक्षण आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र ज्या घराने चिनी माळ नाकारली, त्याच घराच्या गच्चीवर आज सौर पॅनेल बसलेले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर अशी पॅनेल बसविण्याचा संकल्प केला आहे. अनुदान हवे असेल तर पॅनेल भारतात जोडलेले असून चालत नाही. त्यातील सौरघटही भारतातच घडलेले असावे लागतात. ही अट योग्यच आहे. परंतु तो सौरघट ज्या काळसर, नखाहूनही पातळ चकतीवर घडविला जातो, ती चकती कोठून येते? तिचे नाव सिलिकॉन वेफर, आणि ती बहुतांशी चीनमधून येते. दोनशे रुपयांची माळ आपण नाकारली. घरातील सर्वांत महत्त्वाच्या यंत्राचा पाया मात्र तेथूनच आणला. हा दोष त्या कुटुंबाचा नाही, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला गेला नव्हता. तो का ठेवला गेला नाही, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

दगडातून आरसा

सिलिकॉन दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल त्याचेच प्रमाण आहे. नदीची वाळू, गारगोटी, काच या सर्वांत ते आहे. अडचण आहे ती त्याच्या शुद्धीची.

गारगोटीचा दगड आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंश तापमानाला तापविला की अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते. लोखंड-ॲल्युमिनियमच्या धंद्याला तेवढे पुरते. विद्युतीय उपकरणाला मात्र ते निरुपयोगी असते. म्हणून त्याची पूड करून हायड्रोजन क्लोराइडशी तिची रासायनिक क्रिया घडवितात. त्यातून ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव तयार होतो. तो पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करून गाळला जातो आणि मग सुमारे अकराशे अंशांना तापलेल्या बारीक कांड्यांवर त्यातील शुद्ध सिलिकॉन थराथराने साचविले जाते. हे पॉलिसिलिकॉन. इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्याची शुद्धता अशी लागते की शंभर कोटी अणूंत एखादाच अणू परका असावा. आजच्या उत्तम सौरघटांनाही त्याच्या जवळपास पोचणारी शुद्धता लागू लागली आहे.

येथेही काम संपत नाही. हे पॉलिसिलिकॉन १४१४ अंशांना वितळवून त्या रसात स्फटिकाचे एक बीज टेकवितात आणि ते गोल फिरवीत अत्यंत सावकाश वर ओढतात. रसातील अणू बीजाची शिस्त स्वीकारून एकाच रचनेत गोठत जातात आणि माणसाच्या उंचीचा किंवा त्याहूनही मोठा एकसंध स्फटिक उभा राहतो. यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला ही रीत १९१६ मध्ये गवसली. या स्फटिकस्तंभाचे हिऱ्याची कणी जडविलेल्या तारेने काप काढले की वेफर तयार होतो. सौरघटाचा वेफर मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. चिपसाठीचा वेफर साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, बहुधा तीनशे मिलिमीटर व्यासाचा आणि आरशाहून नितळ असावा लागतो.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पॅनेलची जोडणी हे या साखळीतील शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. काच, चौकट, तारा आणि सौरघट एकत्र बसविणारा कारखाना वर्षभरात उभा राहू शकतो. शुद्ध सिलिकॉन आणि वेफर यांचे तसे नाही. तेथे रसायनशास्त्र, अखंड वीज, कुशल हात आणि वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो. स्वदेशीची खरी कसोटी तेथेच आहे.

शिखर उंच, पाया उसना

भारताने गेल्या काही वर्षांत जे साधले ते लहान नाही. देशातील सौर ऊर्जेची उभारलेली क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पलीकडे गेली. २०१४ मध्ये सव्वादोन-अडीच गिगावॉट असलेली पॅनेल-निर्मितीची क्षमता ऑगस्ट २०२५ मध्ये १०० गिगावॉटवर पोचली. सौरघटांची क्षमता मार्च २०२५ मध्ये २५ गिगावॉट होती. आणि वेफरची? देशातील पहिला, अवघ्या दोन गिगावॉटचा कारखाना २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्रा येथे सुरू झाला. शंभर, पंचवीस आणि दोन. या तीन आकड्यांत सारी कहाणी आली. जसजसे पायाकडे जावे, तसतशी इमारत अरुंद होत जाते.

चीनमधील चित्र याच्या उलट आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२१ मध्ये जगातील सौर वेफरनिर्मितीच्या क्षमतेपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनचा होता. जगातील पॉलिसिलिकॉनपैकी सुमारे ४० टक्के केवळ शिनजियांग या एका प्रांतात तयार होत होते. खनिज तेलाच्या बाबतीतही जग आज इतके एका देशावर विसंबून नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तर चीनने वेफरनिर्मितीचे प्रगत तंत्रज्ञानच निर्यात-निर्बंधांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियम यांच्या आणि एप्रिल २०२५ पासून काही दुर्मीळ मृदा-धातू व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर त्याने परवान्याचा लगाम घातला. चुंबकांअभावी वाहन-उद्योगावर काय वेळ आली, ते सर्वांनी पाहिले. जो देश चुंबक अडवू शकतो, तो चकती अडविणार नाही, या भरवशावर राष्ट्राची ऊर्जानीती उभी करता येईल काय?

चिपचे क्षेत्र चीनच्या मुठीत नाही, परंतु तेथेही पाया आपला नाही. चिपसाठीच्या वेफरचा जागतिक बाजार प्रामुख्याने पाच कंपन्यांकडे आहे : जपानच्या शिन-एत्सू आणि सुम्को, तैवानची ग्लोबलवेफर्स, जर्मनीची सिल्ट्रॉनिक आणि कोरियाची एसके सिल्ट्रॉन. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. तिच्यातून धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीच्या साह्याने सुमारे ९१ हजार कोटींचा कारखाना उभारीत आहे. महिन्याला पन्नास हजार वेफरांवर मंडले कोरण्याची त्याची योजना आहे. हे काम ऐतिहासिक आहे. परंतु ते पन्नास हजार कोरे वेफर बाहेरूनच येणार असतील, तर छापखाना आपला आणि कागद परका, अशी ती अवस्था असेल.

विद्या होती, सातत्य नव्हते

भारताला हे जमणारच नाही, असे म्हणणारे आपल्याकडे नेहमीच असतात. इतिहास त्यांना साक्ष देत नाही. सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने साहिबाबाद येथे देशातील पहिला सौरघट १९७७ मध्ये घडविला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ए. आर. वासुदेव मूर्ती यांनी अतिशुद्ध सिलिकॉन तयार करण्याची रीत स्वतःच्या प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि तिच्या आधारावर तमिळनाडूतील मेट्टूर येथे मेटकेम सिलिकॉनने १९८०च्या दशकात पॉलिसिलिकॉनचे उत्पादन केले. आज ज्यासाठी आपण जगाचे दरवाजे ठोठावतो, ती विद्या चाळीस वर्षांपूर्वी कावेरीच्या काठी नांदत होती.

मग घडले काय? त्याच काळात दिल्लीत एक वाद रंगला : अमेरिकन तंत्रज्ञान विकत घेऊन एक भव्य राष्ट्रीय सिलिकॉन प्रकल्प उभारावा, की देशात सिद्ध झालेल्या तंत्राला वाढू द्यावे? वाद दीर्घकाळ चालला. भव्य प्रकल्प उभा राहिलाच नाही आणि स्वदेशी तंत्राला वाढण्यासाठी जी मोठी मागणी, स्वस्त वीज आणि पाठीवरचा हात हवा होता, तोही मिळाला नाही. पुढे मेट्टूरचे ते उत्पादन टिकले नाही.

मोहालीची कथाही अशीच चटका लावणारी आहे. तेथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू झाले. तैवानमधील जी टीएसएमसी आज जगातील सर्वांत प्रगत चिप घडविते, तिची स्थापना १९८७ ची. म्हणजे प्रारंभी आपण मागे नव्हतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला आग लागली. आग कोठेही लागू शकते. दुर्दैव ते नव्हे. दुर्दैव हे की, तो कारखाना पुन्हा उभा करण्याची घाई राष्ट्राला वाटली नाही. त्या वर्षांत जग कितीतरी पिढ्या पुढे निघून गेले. तरीही तेथील शास्त्रज्ञांनी जिद्द सोडली नाही. इस्रोच्या अग्निबाणांसाठी त्यांनी घडविलेला ‘विक्रम’ हा प्रक्रियक सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रापुढे ठेवण्यात आला. ज्ञान मेले नव्हते. त्याला अर्धपोटी ठेवले गेले होते.

चीनने नेमके उलटे केले. २००८ च्या सुमारास पॉलिसिलिकॉनचा भाव किलोला चारशे डॉलरच्याही पुढे गेला होता. तेव्हा चिनी कारखाने परदेशी सिलिकॉनवर चालत होते आणि भरमसाट किंमत मोजत होते. त्या चटक्यातून त्यांनी पायापर्यंत जाण्याचा निश्चय केला. त्या वाटेवर त्यांच्या मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या. एके काळी जगात अग्रेसर असलेल्या सनटेकचे दिवाळे २०१३ मध्ये निघाले. परंतु कंपनी बुडाली तरी विद्या, कामगार आणि यंत्रे देशातच राहिली आणि पुढच्या कंपनीने तेथूनच आरंभ केला. शत्रूचाही गुण घ्यावा, ही आपली जुनी शिकवण आहे. तो गुण आहे चिकाटी.

स्वस्ताईचा युक्तिवाद

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. चीनचा माल इतका स्वस्त असताना स्वतः खर्च कशाला करावा? डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील एका लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला, त्यात स्वस्त आयातीचा वाटा होताच. शिवाय पॅनेल म्हणजे तेल नव्हे. तेलाचा पुरवठा तुटला तर आठवड्याभरात चाके थांबतात. पॅनेल एकदा बसले की पुढची पंचवीस वर्षे वीज देत राहते. मग भय कसले?

आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. बसलेले पॅनेल कोणी बंद पाडू शकत नाही. परंतु भारताची वाटचाल अजून पुष्कळ बाकी आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट जीवाश्मेतर क्षमतेचे उद्दिष्ट देशाने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जगापुढे मांडले. पुरवठा अडला तर दिवे विझणार नाहीत, पण ही वाटचाल थबकेल. शेकडो कारखाने कच्च्या मालाविना उभे राहतील आणि त्यांतील कामगार घरी बसतील. आणि चिपच्या बाबतीत तर पंचवीस वर्षांचा दिलासाही नाही, कारण तेथे वेफर रोजच लागतो.

दुसरे असे की, स्वस्ताईची खरी किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. शिनजियांगमधील सिलिकॉन कोळशाच्या स्वस्त विजेवर पिकते. तेथील सक्तीच्या श्रमांचा प्रश्न इतका गंभीर मानला गेला की, अमेरिकेने जून २०२२ पासून त्या प्रांतातील माल रोखणारा कायदा अमलात आणला. अलीकडच्या काळात तर चिनी कंपन्यांनी परस्परांशी जीवघेणी स्पर्धा करीत उत्पादनखर्चाच्याही खाली भाव नेले. असा भाव नफ्यातून येत नाही आणि कायमही राहत नाही. स्पर्धक संपले की भाव कोण ठरविणार, हे सांगावयास नको.

काय करावे लागेल

पहिला प्रश्न विजेचा. आधुनिक कारखान्यातही एक किलो पॉलिसिलिकॉन तयार करण्यास साधारण पन्नास ते साठ युनिट वीज लागते. एका वॉटच्या सौरघटाला दोन ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन लागते. म्हणजे तीन किलोवॉटच्या घरगुती संचात सहा-सात किलो. याच हिशेबाने १०० गिगावॉट पॅनेलांसाठी दोन लाख टनांहून अधिक सिलिकॉन लागेल आणि त्यासाठी रात्रंदिवस चालणारी हजार-दीड हजार मेगावॉट वीज लागेल. ती क्षणभरही खंडित होऊन चालणार नाही. अशा उद्योगाला पंधरा-वीस वर्षांच्या निश्चित दराची हमी दिल्याविना तो भारतात रुजणार नाही. राज्य वीज मंडळांच्या दरवर्षी बदलणाऱ्या दरपत्रकावर स्फटिक वाढत नसतो.

दुसरा प्रश्न धोरणाच्या स्थैर्याचा. २०२१ व २०२२ मध्ये मिळून २४ हजार कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आखली गेली आणि पॉलिसिलिकॉनपासून पॅनेलपर्यंत सारी साखळी उभारणाऱ्यांना प्राधान्य मिळाले. जून २०२६ पासून सौरघट आणि जून २०२८ पासून वेफरही मान्यताप्राप्त यादीतीलच असावेत, असा क्रमही आखण्यात आला. त्यातील वेफरचा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला गेला. दिशा अचूक आहे. परंतु पॅनेलांच्या यादीची सक्ती २०२३-२४ मध्ये वर्षभर स्थगित ठेवावी लागली होती, हे विसरता येत नाही. प्रत्येक मुदतवाढ आयातदाराला दिलासा देते आणि ज्याने कर्ज काढून भट्टी उभारली त्याला शिक्षा करते. ठरलेली तारीख पाळणे, हेच येथे सर्वांत मोठे अनुदान आहे.

तिसरा प्रश्न यंत्रांचा आणि माणसांचा. स्फटिक ओढण्याची भट्टी, हिऱ्याची तार, रस धारण करणारी गारगोटीची मूस हेही आपण बाहेरून आणतो. या मुशीच्या आतील अस्तरासाठी लागणारी अतिशुद्ध गारगोटी तर मुख्यतः अमेरिकेतील स्प्रूस पाइन या एका गावाच्या खाणींतून जगभर जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने त्या खाणी काही काळ बंद पाडल्या तेव्हा साऱ्या चिप-उद्योगाचा श्वास रोखला गेला होता. सगळेच देशात निघेल असे नाही. परंतु कोणती वस्तू एकाच दारातून येते, याची यादी तरी राष्ट्राच्या टेबलावर हवी. आणि या उद्योगातून निघणारे सिलिकॉन टेट्राक्लोराइडसारखे घातक द्रव्य परत प्रक्रियेत वळविण्याची शिस्तही पहिल्या दिवसापासून हवी. शेजारच्या गावाचे पाणी नासवून उभा राहिलेला उद्योग स्वदेशी म्हणवून घेण्यास पात्र नसतो.

माणसे घडविण्याच्या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक स्वतःचेच उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसाफंड उभा राहिला. दरवर्षी एक पैसा द्या, एवढेच मागणे होते. लोकमान्य टिळकांनी त्या कार्यास बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. काच म्हणजे तरी काय? तेच वाळूतले सिलिकॉन, वेगळ्या रूपात. त्या काळी काचेच्या बांगड्या आणि चिमण्यासुद्धा परदेशातून येत. पैसाफंडाने केवळ परदेशी काच फोडण्याचे आवाहन केले नाही. काच करण्याची विद्या शिकविली आणि तेथे तयार झालेले कारागीर देशातील इतर कारखान्यांत पोचले. बहिष्कार आणि निर्मिती ही एकाच रथाची दोन चाके आहेत, हे त्या पिढीला कळले होते. आज मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून सौरघटांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील ज्ञान तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपर्यंत उतरले, भट्टी सांभाळणारा आणि तार ताणणारा कुशल कामगार गावागावांतून घडू लागला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कार्याचा धागा पुन्हा जुळेल.

नागरिकाचे कर्तव्य

हे सारे सरकार आणि उद्योगपती यांनी करावयाचे आहे, सामान्य कुटुंबाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. प्रारंभीची काही वर्षे भारतीय वेफरवरचे पॅनेल थोडे महाग पडेल. त्या काळात दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी समाजाने दाखविली नाही, तर मेट्टूरची पुनरावृत्ती अटळ आहे. गच्चीवर पॅनेल बसविताना विक्रेत्याला केवळ ‘कितीला?’ एवढेच न विचारता ‘यातला वेफर कुठला?’ हेही विचारावे. पहिल्या दिवशी तो विक्रेता गोंधळेल. दहावा ग्राहक तेच विचारील तेव्हा तो पुरवठादाराला विचारील, आणि शंभरावा विचारील तेव्हा तो प्रश्न कारखान्याच्या दारापर्यंत पोचेल.

चिनी माळ नाकारणे सोपे होते, कारण तिच्याजागी पणती तयार होती. वेफरची पणती अजून घडावयाची आहे. सूर्य आपल्या अंगणात वर्षाचे तीनशे दिवस तळपतो, वाळू आपल्या नद्यांत आहे, विद्या एकदा आपल्या प्रयोगशाळांत सिद्ध झालेली आहे. स्फटिक घाईने ओढला तर तो दुभंगतो. बीज टेकवून, उष्णता राखून, न थांबता वर न्यावा लागतो. या वेळी राष्ट्राने तो मध्येच सोडू नये.